दुष्काळ आभाळात की कोठारात?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात १८७१ हे साल एका पुस्तकासाठी लक्षात ठेवले जाते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' त्या वर्षी पुस्तकरूपाने आली. शिवकाळातला गड आणि त्याभोवती गुंफलेली गोष्ट. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख आजही होतो, आणि तिच्यामागून आलेल्या कादंबऱ्यांनी बराच काळ तीच वाट धरली: गड, तलवार, स्वामिनिष्ठा, फितुरी.

त्याच वर्षी इंग्रज सरकारने दोन कायदे केले. वर्षाच्या सुरुवातीला गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. दुसऱ्याच्या किंवा सरकारच्या जागेत शिरलेले जनावर पकडायचे, कोंडवाड्यात घालायचे आणि दंड भरल्याशिवाय सोडायचे नाही, ही पद्धत त्याने पक्की केली. वर्षाच्या अखेरीकडे दुसरा कायदा आला, गुन्हेगार जमातींचा. काही जमातींची माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात असे धरून त्यांची नोंद करायची, त्यांना हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलू द्यायचे नाही, असा तो कायदा. आधी तो उत्तरेत लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला.

एक कादंबरी आणि दोन कायदे यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे तेव्हा कुणाला वाटले नसते. आजही फारसे वाटत नाही. परकी सत्तेने इथल्या रानाचे, गायरानाचे, पाण्याचे काय केले हे मराठी ऐतिहासिक कादंबरीत शोधायला गेले तर हाती फार थोडे लागते. गादी गेली, निशाण उतरले, याची हळहळ भरपूर आहे. डोंगर गेला, चराई गेली, याची नोंद जवळपास नाही. ही नोंद सातारा-सांगलीच्या मातीतून आलेल्या एका कादंबरीत आहे असे माझे म्हणणे आहे. मात्र ती कादंबरी आपण 'ऐतिहासिक'च्या फळीवर ठेवत नाही, आणि तिच्यात ही नोंद झाडाच्या रूपाने नाही, भुकेच्या रूपाने आहे. ते समजून घ्यायचे तर आधी जमिनीवर काय घडत होते ते पाहायला हवे.

*

साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली. छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्येच पदच्युत केले होते. त्यांच्या जागी बसवलेले शहाजीराजे वारले आणि त्यांचे दत्तकविधान लॉर्ड डलहौसीने अमान्य केले. प्रतापसिंहांची बाजू मांडायला लंडनला जाऊन तिथे वर्षानुवर्षे झगडलेले रंगो बापूजी आपल्याला ठाऊक असतात. पण याच डलहौसीने १८५५ मध्ये जंगलांविषयी एक टिपण काढले, ते आपल्या इतिहासात येत नाही. सरकारी रानातल्या सागावर मालकी सरकारची, असा त्याचा रोख होता. ज्याने सातारा घेतला त्यानेच साग घेतला. पहिल्याबद्दल आपण अजून बोलतो, दुसऱ्याबद्दल नाही.

मुंबई इलाख्यात जंगलाचा कारभार त्याआधीच सुरू झाला होता. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक, व्यवसायाने डॉक्टर असलेला अलेक्झांडर गिब्सन, १८४७ मध्ये इलाख्याचा जंगल संरक्षक झाला. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग लागत होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि त्यानंतर रुळांखालच्या लाकडांची मागणी वाढतच गेली. १८६४ मध्ये स्वतंत्र जंगल खाते झाले, १८६५ मध्ये पहिला जंगल कायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक. त्याने रानाचे तीन प्रकार केले: राखीव, संरक्षित आणि गावाचे. प्रत्यक्षात जोर पहिल्यावर राहिला. या कायद्यात एक कलम असे होते की राखीव रानात जनावर शिरले तर १८७१ च्या गुरांच्या कायद्याप्रमाणे ते नुकसान करणारे जनावर समजावे आणि कोंडवाड्यात घालावे. दोन कायदे असे एकमेकांना शिवलेले होते. गावाला त्यांची कलमे ठाऊक नव्हती. कोंडवाडा मात्र प्रत्येक गावाला ठाऊक झाला.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळे त्यात. मधे मधे सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थाने पेरलेली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या सगळ्या मुलखाच्या पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळ्याचे दाट रान, आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडीचा कोरडा माळ. पश्चिमेला पाऊस कोसळतो आणि पूर्वेला तो वाट पाहायला लावतो.

पश्चिमेकडच्या डोंगरात उतारावर राब भाजून नाचणी-वरी घेणारे लोक होते. महाबळेश्वरच्या परिसरात धावड होते, डोंगरातला लोहखनिजाचा दगड भट्टीत वितळवून लोखंड काढणारे. त्यांच्या भट्टीला कोळसा लागे आणि कोळशाला लाकूड. रानावर बंधने आली, वर विलायतेचे स्वस्त लोखंड बाजारात आले, आणि त्यांचा धंदा बसला. खुद्द महाबळेश्वर कंपनीने प्रतापसिंहांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतले आणि गव्हर्नर माल्कमच्या नावाने तिथे पेठ वसवली. पूर्वेकडून आणलेल्या चिनी कैद्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. लिंगमळ्याला कोयनेल मिळवण्यासाठी सिंकोनाची लागवड करून पाहिली. ती जगली नाही. गोऱ्या साहेबाच्या थंड हवेसाठी डोंगर मोकळा होता आणि गावच्या शेळीला बंद होता, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

हे ज्यांनी त्याच काळात लिहून ठेवले ते जोतीराव फुले. त्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. १८८३ मध्ये पुरा झालेला 'शेतकऱ्याचा असूड' आपण जातिव्यवस्थेवरचा आणि सावकारीवरचा ग्रंथ म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण त्यात जंगल खात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्याने शेतकऱ्याची जनावरे कशी उपाशी मेली याचा हिशेब आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, शेण-मूत पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कशी सकस राहायची, ते आता का राहत नाही, याची मीमांसा आहे. फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या माणसांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी शिवारात मुरेल, अशी सूचनाही आहे. पाणलोट हा शब्द आपल्या सरकारी भाषेत येण्याच्या कितीतरी आधी हे लिहिले गेले. फुल्यांनी ते निबंधात मांडले. कादंबरीकडे मात्र तेव्हा दुसरीच कामे होती.

*

१८७६ मध्ये पाऊस गेला. दख्खनवर असा प्रसंग पहिला नव्हता. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण लोकांनी शतकानुशतके जपली होती. इंग्रजांनी अवर्षण आणले असे कुणी म्हणणार नाही. पण अवर्षण आणि उपासमार यांच्यामध्ये काही पायऱ्या असतात: पेव, गायरान, रानातले कंद, चाऱ्याचा साठा, गावचे देणेघेणे. इंग्रजी अंमलात याच पायऱ्या एकामागून एक निघाल्या होत्या. सारा रोखीत भरायचा, तोही ठरल्या तारखेला. सावकाराचे कर्ज कोर्टातून वसूल होऊ लागलेले. ज्वारी-बाजरी बाजारभावाच्या मागे गावाबाहेर जाऊ लागलेली. आणि वाईट वर्षी जिथे गुरे घालायची ते रान राखीव.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिण भारतात किमान पन्नास लाख माणसे मेली. त्याच काळात देशातून गव्हाची निर्यात चालूच होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो धान्य आणि वर थोडे पैसे, इतका खाली आणला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याला नकार दिला आणि हजारोंच्या संख्येने ते कामे सोडून गेले. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. माण तालुक्यातल्या म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा मोठा तलाव अशाच दुष्काळी कामातून उभा राहिला. तो आजही आहे. या भागातला माणूस त्याला इंग्रजांनी बांधलेला तलाव म्हणतो. दगड-माती कुणी वाहिली आणि किती शिध्यावर वाहिली, हे त्या नावात उरत नाही.

१८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षांत घाटावर पसरला. लगोलग १८९९-१९०० चा दुष्काळ. वीस-पंचवीस वर्षांत एका पिढीने हे सगळे पाहिले.

या काळात मराठी कादंबरी काय लिहीत होती? हरि नारायण आपटे १८९५ ते १८९७ या काळात 'उष:काल' लिहीत होते. स्वराज्याच्या पहाटेची ती कादंबरी. मराठी ऐतिहासिक कादंबरीला तिने प्रौढ केले यात वाद नाही. पण हेच आपटे त्याच सुमारास एक दीर्घकथाही लिहीत होते, 'काळ तर मोठा कठीण आला'. दुष्काळात देशोधडीला लागलेल्या कुणब्याची ती कथा लगेच इंग्रजीतही गेली. म्हणजे दुष्काळ त्यांना दिसत होता, अस्वस्थ करत होता. तरी त्यांच्या लेखनात दोन कप्पे राहिले. एका कप्प्यात इतिहास: सतरावे शतक, गड, पराक्रम. दुसऱ्यात वर्तमान: भूक, करुणा. वर्तमानातली ती भूक हाही इतिहास आहे, तिच्यामागे कायदे आहेत, तारखा आहेत, सही करणारी माणसे आहेत, हे कादंबरीने दाखवायचे अजून बाकी होते.

*

ते दाखवले वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी. वाळवा तालुक्यातले वाटेगाव. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळा जवळपास नाहीच. लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठलेली, गिरण्यांत आणि मिळेल तिथे काम केलेले. 'फकिरा' १९५९ मध्ये आली. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे. प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. खांडेकरांची स्वतःची 'ययाति'ही त्याच वर्षीची. १९६१ मध्ये 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

फकिरा हा खरा माणूस होता, अण्णा भाऊंच्या नात्यातला. इंग्रजी अंमलात सरकारचा फरारी, गावकऱ्यांच्या तोंडी दंतकथा झालेला. कादंबरीत त्याचा बाप राणोजी शेजारच्या गावातून जोगणी आणताना मारला जातो आणि गोष्ट सुरू होते. पुढे गावावर वाईट दिवस येतात. दुष्काळ पडतो. मांगवाड्यात आणि महारवाड्यात माणसे उपाशी मरू लागतात. गावचे विष्णुपंत कुलकर्णी त्यांना मरण पत्करू नका, कसेही करून जगा, असे सांगतात. फकिरा आणि त्याचे सोबती धान्याचे कोठार फोडतात आणि ते धान्य वस्तीत वाटतात. नंतर सरकारी खजिना लुटतात. सरकार वस्तीला हजेरी लावते, बायकापोरांना धरते, आणि आपल्या माणसांचा छळ थांबावा म्हणून शेवटी फकिरा स्वतःहून हजर होतो.

या कथेत दुष्काळाचे वर्णन कसे आहे ते पाहण्यासारखे आहे. तडकलेल्या भुईची, कोरड्या विहिरींची चित्रे इथे मुख्य नाहीत. धान्य आहे. तेही जवळच, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, भिंतीआड आणि कुलपात. मरणाऱ्या माणसामध्ये आणि ज्वारीमध्ये फक्त एक दार आहे, आणि दाराच्या मागे कायदा उभा आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स'मध्ये मांडले की उपासमारीसाठी धान्य संपावे लागत नाही. माणसाचा धान्यावरचा हक्क संपला की पुरे. अण्णा भाऊंनी हेच बावीस वर्षे आधी कथानकात घातले होते. हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

शेजारी ठेवून पाहावी अशी दुसरी कादंबरी याच भागातली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. माडगुळे हे आटपाडी तालुक्यातले, तेव्हाच्या औंध संस्थानातले गाव. तरुण मास्तर, धनगरांची वाडी, मेंढरे, उभी राहणारी तालीम, आणि शेवटी दुष्काळ. पाऊस येत नाही, चारा संपतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात, वाडी ओस पडते. मराठीतल्या सर्वोत्तम पुस्तकांत तिची गणना होते ती उगाच नाही. पण तिच्यातला दुष्काळ आभाळातून येतो. त्याला कुणी जबाबदार नाही, म्हणून कुणाशी भांडताही येत नाही. गाव सोडणे एवढेच हातात राहते. 'फकिरा'तला दुष्काळ कोठारात आहे, म्हणून तिथे दार फोडता येते. माडगूळकरांनी माणदेश पाहिला तो तसाच होता, आणि संस्थानी मुलखातली गोष्ट इंग्रजी खालशातल्या गोष्टीहून वेगळीही होती. तरी एकाच जिल्ह्यातल्या, चारच वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन कादंबऱ्या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देतात, आणि शाळा-कॉलेजांतून आपण बहुतेक वेळा पहिलेच उत्तर शिकत आलो आहोत.

हजेरीची गोष्टही अशीच. राखीव रानाच्या कडेला चरणारी गाय आणि गावकुसाबाहेरचा मांग या दोघांसाठी सरकारने एकाच वर्षी एकाच तऱ्हेचा कायदा केला होता: दोघांनीही ठरल्या जागेबाहेर जायचे नाही, गेले तर पकडायचे. अण्णा भाऊंनी १८७१ ची कलमे चाळली असतील असे मी म्हणत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणजे त्यांच्या वयाची पहिली बत्तीस वर्षे तो अस्तित्वात होता. कादंबरीतली हजेरी त्यांनी कल्पनेतून आणलेली नाही.

*

मग 'फकिरा' ही पर्यावरणाची कादंबरी म्हणायची का? तसे म्हणणे ओढूनताणून होईल. तिच्यात झाड तोडले जात नाही, जंगल खात्याचा शिपाई येत नाही. डोंगर आणि रान आहेत ते लपायला, घोडा दौडवायला, शत्रूला चकवायला. अण्णा भाऊंची शैलीही रोमांचक आहे. नायक देखणा, शूर, दिलदार. ज्यांना कादंबरीत बारीक सामाजिक तपशील हवे असतात त्यांना ती भडक वाटते, आणि काही ठिकाणी ती तशी आहेही.

पण तिच्यात जे नाही त्याकडे लक्ष दिले तर भुकेमागचे दुसरे कारण दिसू लागते. मांग समाजाचा पिढीजात धंदा दोर वळण्याचा. केकताडाचा वाख काढायचा, अंबाडी भिजवायची, शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायच्या. शिवाय हलगी वाजवणे आणि गावाची राखण. यातला बराचसा कच्चा माल कुणाच्या शेतात पिकत नव्हता. तो बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात, डोंगराच्या पायथ्याला उगवायचा. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता त्यांची शेती हीच. सर्व्हे होऊन प्रत्येक तुकड्याला नंबर आणि आकार लागला, डोंगर राखीव झाला, तेव्हा शेतकऱ्याची चराई गेली. बिनजमिनीच्या माणसाचा मात्र सगळा कच्चा मालच धोक्यात आला. धान्याच्या दारापर्यंत तो उपाशी पोहोचला याचे हे अर्धे कारण आहे. 'फकिरा'त दुसरे अर्धे आहे. पहिल्या अर्ध्यासाठी फुल्यांकडे जावे लागते.

कादंबरीला हे पहिले अर्धे का जमत नाही? अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट'मध्ये अशी तक्रार केली आहे की आधुनिक कादंबरी एका माणसाच्या मनात इतकी गुंतली की हवामानासारखी अवाढव्य गोष्ट तिच्या चौकटीबाहेर पडली. त्यांनी स्वतः 'सी ऑफ पॉपीज'मध्ये त्यावर एक तोड काढली होती. गंगेकाठच्या गावात घरोघर अफूची लागवड सक्तीची झालेली, धान्याची शेते अफूने गिळलेली, आणि त्याच अफूवर उभा असलेला चीनशी व्यापार. पीक हेच तिथे पात्र होते. महाश्वेता देवींनी १९७७ मध्ये 'अरण्येर अधिकार' लिहिली, ती बिरसा मुंडाची. तिथे लढा थेट रानाच्या हक्काचा आहे आणि तो नावातच आहे. मराठीत, निदान या खोऱ्यात, असे पुस्तक आले नाही. रान हळूहळू बंद होते, एका दिवसात नाही. त्यात नाट्य कमी. कोठार एका रात्रीत फुटते. अण्णा भाऊ शाहीर होते, समोर श्रोता बसवून गोष्ट सांगणारे. त्यांनी रात्र निवडली.

रान लोकांच्या मनातून मात्र गेले नव्हते. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा घाटावर समुद्र नव्हता; इथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. शिराळा तालुक्यातल्या बिळाशीने राखीव रानातला साग तोडून त्यावर ध्वज उभारला. पोलीस आले, गोळीबार झाला. बिळाशीचे बंड म्हणून ते या भागात अजून सांगितले जाते. ध्वजासाठी लोकांनी सागच निवडला, हा योगायोग नसावा. डलहौसीच्या टिपणाला पंच्याहत्तर वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते, आणि टिपण न वाचलेल्या माणसांनी ते दिले होते.

*

अण्णा भाऊंची आणखी एक कादंबरी याच खोऱ्यातली, 'वारणेचा वाघ'. सत्तू भोसले या बंडखोराची. 'फकिरा'तही सत्तू येऊन जातो. या नावापाशी थोडे थांबायला हवे. इंग्रजी अंमलात वाघ मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे, आणि फरारी माणूस पकडून देणाऱ्यालाही. महेश रंगराजन यांच्या हिशेबाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले. सरकारच्या वहीत वाघ आणि बंडखोर शेजारी शेजारी होते: दोघेही रानात राहतात, दोघेही हिशेबात येत नाहीत, दोघांचेही मोल मेल्यावर. लोकांनी आपल्या माणसाला वाघ म्हटले ते शौर्याच्या अर्थाने. सरकारने त्याला वाघासारखेच वागवले, पण त्याचा अर्थ वेगळा होता.

आज त्याच वारणेच्या वरच्या अंगाला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, २००४ पासून. कोयनेचे अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला आता इनाम नाही, संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. पण त्यासाठी डोंगरातली गावे खाली उतरवली गेली. त्याआधी कोयनेच्या आणि वारणेच्या धरणांसाठी खोऱ्यातली गावे उठली होती. ज्या जंगल कायद्याचा आधार आजही दिला जातो तो १९२७ चा आहे, आणि त्याची रचना १८७८ च्याच कायद्याची. राखीव हा शब्दही तोच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच मान्य केले की रानात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. संसदेने 'ऐतिहासिक' हा शब्द ज्या गोष्टीला लावला, तिला मराठी कादंबरीने तो अजून लावलेला नाही.

आपल्या ग्रंथालयांतल्या फळ्या पाहिल्या की हे लक्षात येते. 'स्वामी' १९६२ ची, 'श्रीमान योगी' १९६८ ची. दोन्ही ऐतिहासिक कादंबरीच्या फळीवर असतात, आणि ती त्यांची हक्काची जागा आहे. 'फकिरा' त्यांच्याच काळातली. नायक खरा, गाव खरे, राज्य खरे, भोवतीचे कायदे खरे. वॉल्टर स्कॉटने 'वेव्हर्ली' लिहिताना गोष्ट साठ वर्षांपूर्वीची असल्याचे उपशीर्षकातच सांगितले होते, आणि ऐतिहासिक कादंबरीचे मोजमाप तेव्हापासून साधारण तेच राहिले आहे. 'फकिरा'तला काळ त्या मापात सहज बसतो. तरी ती ग्रामीण किंवा दलित साहित्याच्या फळीवर सापडते. ती ओळख चुकीची नाही, पण तिचा एक परिणाम होतो. भूक ही एका समाजाची व्यथा म्हणून वाचली जाते. राज्याचा इतिहास म्हणून वाचली जात नाही.

सातारा-सांगलीच्या एखाद्या शिक्षकाने आठवी-नववीच्या वर्गात 'फकिरा'तले कोठार फोडण्याचे प्रकरण, फुल्यांचे गायरानावरचे विवेचन आणि १८७१ च्या दोन कायद्यांची माहिती एकत्र शिकवून पाहावी. वर्गातल्या मुलांपैकी कुणाच्या गावात जुना कोंडवाडा अजून असेल, भिंती पडलेल्या, आत घाणेरी माजलेली. कुणाच्या घरी चांदोलीतून उठून आलेली आजी असेल. धावडांची, राब भाजणाऱ्यांची, केकताडाचा वाख काढणाऱ्यांची कादंबरी अजून लिहिली गेलेली नाही. ती लिहिण्यासाठी लागणारी बरीचशी माहिती याच दोन जिल्ह्यांत आहे: काही गॅझेटियरांत, काही तहसील कचेरीच्या दप्तरात, आणि काही अजून बोलू शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे.